उंबराचे फूल आणि उंबरातले केंबरे

मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पुरंदर तालुक्यात एका शेतात विहिरीच्या काठी पंचवीस-तीस वर्षांचा उंबर आहे. त्याला वर्षातून अनेकदा खोडापासून फांद्यांपर्यंत फळे लगडतात, पण फूल मात्र घरात कोणीच कधी पाहिलेले नाही. पिकलेले फळ फोडले की आतून किडे निघतात. पलीकडेच अंजिराची बाग आहे आणि हे किडे बागेत शिरतील अशी घरातल्यांना धास्ती वाटते. तेव्हा उंबरावर कीटकनाशक फवारावे, की झाडच तोडून मोकळे व्हावे?

दोन्हीही करू नये. हे उत्तर आधीच सांगून टाकतो, कारण फवारणीचा पंप तयार असेल तर तो बाजूला ठेवण्यासाठी पुढचे सगळे वाचून होईपर्यंत थांबण्याची गरज नाही. तथापि 'करू नये' एवढे सांगून भागत नाही. गेली सत्तावीस वर्षे मी वनस्पतिशास्त्र शिकवतो आहे आणि त्यांतला बराच काळ वड, पिंपळ, उंबर, नांद्रुक यांची फळे कापून पाहण्यात गेला आहे. त्या अनुभवावरून मला असे वाटते की ज्यांना आपण उंबराची कीड समजतो ते उंबराच्या प्रजननाचे निम्मे अंग आहे, आणि हे एकदा नीट उमगले की प्रश्नाचे स्वरूपच बदलते.

उंबराला फूल येत नाही ही समजूत फार जुनी आहे. क्वचित भेटणाऱ्या माणसाला आपण 'उंबराचे फूल' म्हणतो. 'वनस्पती' हा शब्द आज सगळ्याच झाडाझुडपांसाठी वापरला जातो, पण जुन्या संस्कृत व्याख्येप्रमाणे फुलावाचून फळ धरणारी झाडे तेवढी वनस्पती आणि फूल व फळ दोन्ही धरणारे ते वृक्ष. म्हणजे ज्या शास्त्राला आपण वनस्पतिशास्त्र म्हणतो, त्याच्या नावातच वड, पिंपळ, उंबर यांच्या न दिसणाऱ्या फुलांची आठवण राहिली आहे. त्याच परंपरेतल्या अमरकोशात उंबराला 'जंतुफल' असे नाव दिलेले आहे, आणि मराठीत तर उंबरातल्या या बारीक जीवांना 'केंबरे' असा स्वतंत्र शब्द आहे. उंबर फोडून केंबरे काढू नयेत, म्हणजे झाकलेले दोष उकरू नयेत, अशी म्हणही आहे. पूर्वीच्या लोकांचे निरीक्षण अचूक होते. फूल दिसत नाही हेही खरे आणि फळात जंतू असतात हेही खरे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय, एवढेच उलगडायचे राहिले होते.

हा संबंध समजण्यासाठी फणस डोळ्यांपुढे आणावा, कारण फणस, तुती आणि उंबर ही एकाच कुळातली झाडे आहेत. फणसाचा एकेक गरा एकेका फुलापासून तयार होतो आणि अख्खा फणस म्हणजे शेकडो फुलांचा मिळून वाढलेला एक फुलोरा असतो. फणसात ही फुले मधल्या दांड्याच्या बाहेरच्या अंगाला असतात. आता तो दांडा वरून खोलगट होत आधी वाटीसारखा, मग घड्यासारखा झाला, फुले सगळी आतल्या बाजूला राहिली आणि घड्याचे तोंड जवळजवळ मिटले, अशी कल्पना केली की उंबर तयार झाला. म्हणून उंबर हे काटेकोर अर्थाने फळ नसून आत वळलेला फुलोरा आहे, आणि त्या एका फुलोऱ्यात काही हजार फुले असतात. 'उंबराचे फूल' दुर्मीळ नाही. ते दाराआड असते इतकेच.

हे वाचून पटवून घेण्यापेक्षा हाताने कापून पाहावे, असा माझा आग्रह असतो. एक धारदार ब्लेड, दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि वेगवेगळ्या अवस्थांतली तीन उंबरे एवढे साहित्य पुरते.

पहिले उंबर लहान, हिरवे आणि टणक घ्यावे. उभे कापले की चीक येतो. तो पाण्याने धुऊन भिंग लावले की पोकळीच्या भिंतीवर मखमलीसारखा फिकट थर दिसतो. हा थर कुक्षींचा, म्हणजे फुलांच्या पराग झेलणाऱ्या टोकांचा असतो. त्याखाली मादी फुले दाटीवाटीने उभी असतात. काहींचा कुक्षिवृंत, म्हणजे कुक्षीपासून अंडाशयापर्यंतचा दांडा, लांब असून अंडाशय भिंतीला चिकटलेला असतो, तर काहींचा कुक्षिवृंत आखूड असून अंडाशय देठावर पोकळीकडे सरकलेला असतो, त्यामुळे सगळ्या कुक्षी साधारण एका पातळीवर येतात. लांब आणि आखूड हा फरक लक्षात ठेवावा, पुढे त्याचे काम आहे. देठाच्या विरुद्ध टोकाला जो ठिपका दिसतो तो उंबराचा डोळा. त्यात बारीक खवले एकमेकांवर घट्ट बसलेले असतात, आणि त्या खवल्यांत पुष्कळदा तुटलेले, पारदर्शक, इवलेसे पंख अडकलेले सापडतात. मी हे दरवर्षी विद्यार्थ्यांना दाखवतो आणि दरवर्षी भिंग पुढच्याकडे द्यायला कोणी तयार नसते.

ते पंख केंबराच्या मादीचे असतात. आपल्याकडच्या उंबरावरच्या या जातीचे शास्त्रीय नाव सेरॅटोसोलेन फ्यूसिसेप्स असून ती गांधीलमाशीच्या गोत्रातली, पण जेमतेम दोन मिलिमीटर लांबीची आणि माणसाला अजिबात न चावणारी आहे. फुले परागासाठी तयार झाली की उंबर हवेत विशिष्ट गंध सोडतो. त्या गंधाच्या मागाने मादी येते आणि डोळ्यातून अंग रेटत आत शिरते. वाट इतकी अरुंद असते की तिचे पंख आणि मिशांची टोके तिथेच तुटून राहतात. आत गेलेली मादी परत येत नाही. तिच्या छातीच्या खालच्या बाजूला परागकण साठवण्याचे दोन खळगे असतात. त्यांतले परागकण ती पुढच्या पायांनी काढून कुक्षींवर टाकते आणि त्याच वेळी कुक्षिवृंतातून आपली नळी खाली घालून अंडाशयात अंडी घालते. परागीभवन येथे अंगाला लागलेल्या धुळीसारखे योगायोगाने होत नाही. परागकण मुद्दाम भरून आणणे आणि मुद्दाम काढून टाकणे ही त्या कीटकाची ठरलेली क्रिया आहे. उंबराचा आफ्रिकेतला जवळचा नातेवाईक असलेल्या सायकमोर या झाडावर गलिल आणि आयझिकोविच या इस्रायली शास्त्रज्ञांनी केलेला अभ्यास १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. फुलोऱ्याच्या ज्या पाच अवस्था त्यांनी ठरवून दिल्या, त्यांच्याच आधाराने आजही आम्ही उंबर शिकवतो.

दुसरे उंबर त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी काढावे. आता आत दोन प्रकारचे दाणे दिसतात. काही कडक, भरीव आणि फिकट असतात, त्या बिया. काही जरा मोठे, पोकळ आणि फुगीर असतात, त्या गाठी. अशा प्रत्येक गाठीत केंबराचे एकेक पिल्लू वाढत असते. ज्या फुलाचा कुक्षिवृंत आखूड, तिथे मादीची नळी अंडाशयापर्यंत सहज पोचते आणि बहुधा गाठ होते. ज्याचा लांब, तिथे ती सहसा पोचत नाही आणि बी धरते. उंबर आपल्या काही फुलांचा वाटा केंबरांच्या पोषणासाठी देतो आणि त्या बदल्यात उरलेल्या फुलांत बी धरून घेतो, असा हा व्यवहार आहे.

तिसरे उंबर पूर्ण वाढलेले, हिरवेपणा नुकताच ओसरू लागलेला, पण अजून भोक न पडलेले घ्यावे आणि सकाळीच कापावे. मला स्वतःला ही अवस्था सर्वांत मोलाची वाटते. आत बिनपंखी, फिकट पिवळसर, जवळजवळ आंधळे नर फिरत असतात. ते आधी जन्मतात, माद्या अजून गाठींत बंद असतानाच गाठीला भोक पाडून त्यांच्याशी मीलन करतात आणि मग उंबराच्या भिंतीत बाहेर जाण्याचा बोगदा कोरतात. आयुष्यात त्यांना एवढेच काम असते. उजेड त्यांना दिसतो तो बोगदा पुरा झाल्यावर, आणि तिथे टपलेल्या मुंग्या बहुतेकांना उचलून नेतात. त्याच सुमारास डोळ्याच्या आतल्या बाजूस कडे करून असलेली नर फुले उमलतात. काळ्या, पंखवाल्या माद्या गाठींतून निघतात, पुंकेसरांवरून परागकण आपल्या खळग्यांत भरतात आणि नरांनी कोरलेल्या बोगद्यातून उडून जातात. त्यांच्या हाताशी एक-दोन दिवसांचे आयुष्य असते आणि तेवढ्यात नेमका हिरव्या, कोवळ्या अवस्थेतला दुसरा उंबर गाठायचा असतो.

यानंतर उंबर मऊ होतो, लाल होतो, गोड होतो. म्हणजे तुम्ही पिकलेले उंबर फोडता तेव्हा परागीभवन करणाऱ्या माद्या बहुतांशी केव्हाच निघून गेलेल्या असतात. आत उरतात ते मेलेले नर, रिकाम्या गाठी आणि भोकातून मागाहून शिरलेले मुंग्या, फळमाश्या, भुंगेरे यांसारखे उपरे. जैन आचारात वड, पिंपळ, उंबर आदी पाच उदुंबरफळे वर्ज्य मानली आहेत. त्यामागचे जीवहिंसेचे कारण निरीक्षणाला धरूनच आहे, हे या ठिकाणी आदराने नोंदवावेसे वाटते.

आता थोडे जनुकशास्त्राकडे वळतो, कारण इथे उंबर फार सुंदर उदाहरण पुरवतो. एकाच फुलोऱ्यातली मादी फुले आधी आणि नर फुले तीनचार आठवड्यांनी उमलत असल्यामुळे त्या फुलोऱ्यात स्वपरागण होऊच शकत नाही. एका झाडावरची एका बहराची उंबरे बहुधा एकाच अवस्थेत असल्यामुळे त्याच झाडावर दुसऱ्या उंबरातही ते सहसा होत नाही. परिणामी बी धरते ते जवळजवळ नेहमी दोन वेगळ्या झाडांच्या संकरातून, आणि प्रत्येक बी गुणसूत्रांच्या २६ या संख्येतली निम्मी दूरच्या झाडाकडून घेते. केंबरांचे तसे नाही. त्यांच्यात फलित अंड्यातून मादी आणि अफलित अंड्यातून नर जन्मतो, म्हणजे नराला बाप नसतो आणि गुणसूत्रांचा एकच संच असतो. त्यामुळे अंडे फलित करायचे की नाही यावर पिल्लाचे लिंग ठरते आणि ते आईच्या हाती राहते. एका उंबरात एकच मादी शिरली तर तिच्या मुलींशी मीलन करणारे तिचेच मुलगे असणार. मग मुलग्यांची गर्दी करून काय साधणार? थोडे मुलगे आणि पुष्कळ मुली हाच फायद्याचा हिशेब. जितक्या अधिक माद्या एका उंबरात शिरतील तितके नरांचे प्रमाण वाढले पाहिजे, असे तर्कशास्त्र विल्यम हॅमिल्टन यांनी १९६७ मध्ये मांडले आणि अॅलन हेर यांनी १९८५ मध्ये पनामातल्या अंजीरवर्गीय झाडांवर मोजून ते खरे असल्याचे दाखवले. उत्क्रांतीच्या सिद्धांताने आधी आकडा सांगावा आणि निसर्गात तो मागाहून सापडावा, असे प्रसंग जीवशास्त्रात थोडे आहेत.

एखाद्या मादीने परागकण न आणता नुसतीच अंडी घातली तर काय होते, हेही तपासले गेले आहे. अशा, बी न धरलेल्या फुलोऱ्यांपैकी बरेच झाड पोटातल्या पिल्लांसह गाळून टाकते. पनामातल्या २०१० च्या अभ्यासात ज्या जातींचे केंबरे पराग मुद्दाम वाहतात, तिथे ही शिक्षा स्पष्ट दिसली. झाड विचार करत नाही, हे उघड आहे. बी न धरलेल्या फळाला अन्नपुरवठा तोडणे ही झाडांची सर्वसामान्य सवय आहे, आणि तीच इथे फुकट्यांना आळा घालण्याच्या कामी येते.

खरे फुकटेही आहेतच. आपल्या उंबरावर परागीभवन करणारी एक जात आणि न करणाऱ्या सहा जाती राहतात, असे भारतातल्या अभ्यासांत नोंदले आहे. या सहा जातींच्या माद्या आत शिरत नाहीत. उंबराच्या सालीवर उभ्या राहून त्या लांबलचक नळी बाहेरूनच भोसकतात. त्यांपैकी काही स्वतःच्या गाठी करतात, काही दुसऱ्यांच्या पिल्लांवर पोसतात. कच्च्या उंबराची टणक भिंत केसाहून बारीक नळीने कशी भेदली जाते, हे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवले. नळीच्या टोकाला दाते असतात आणि त्या दात्यांत जस्त साठवलेले असते, त्यामुळे टोक कणखर होते. या उपऱ्यांवर आणि बाहेर पडणाऱ्या केंबरांवरही मुंग्या तुटून पडतात. म्हणून उंबरावर मुंग्यांची रांग दिसली की तिच्या मागेही फवारणी घेऊन लागू नये. त्यांच्या वावराने बाहेरून भोसकणाऱ्यांवर वचक राहतो.

शरीरक्रियेच्या बाजूने पाहिले तर उंबर म्हणजे पिल्ले सुखरूप वाढावीत यासाठी थंड ठेवलेली खोली आहे. चैत्र-वैशाखात बंद, वाटोळ्या, उन्हात टांगलेल्या फळाच्या आतले तापमान केंबरांना मारक व्हायला वेळ लागणार नाही. पनामात १९९४ मध्ये झालेल्या प्रयोगांत असे आढळले की मोठे फुलोरे सालीवाटे पाण्याची वाफ सोडून स्वतःला थंड ठेवतात आणि ही वाफ रोखली तर आतली उष्णता केंबरांना सोसवत नाही. ओढ्याकाठी, विहिरीकाठी, ओलाव्याच्या जागी उंबर का फोफावतो याला अनेक कारणे आहेत, पण भर उन्हाळ्यात हजारो फळे गार ठेवायला पाणी लागते, हेही त्यांतले एक असावे असे मला वाटते. पिंपळावरचा एक शोध याहून विलक्षण आहे. बंद फळात कर्बवायूचे प्रमाण वाढलेले असते. त्या हवेत माद्या सुस्त पडून राहतात आणि नर मात्र काम करत राहतात. नरांनी भोक पाडले की बाहेरची हवा आत येते, कर्बवायू कमी होतो आणि माद्या हालचाल करू लागतात. बाहेरची वाट तयार झाल्यावरच जाग यावी, अशी ही व्यवस्था गलिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये मांडली.

आता अंजिराच्या बागेकडे येतो, कारण घरातल्यांची खरी काळजी तीच आहे. उंबराचे केंबरे अंजिरात वाढत नाहीत. वड, पिंपळ, उंबर, अंजीर या प्रत्येकाचा कीटक निराळा आहे. वडाचा युप्रिस्टिना मॅसोनी, अंजिराचा ब्लास्टोफॅगा सेनेस. गंध, डोळ्यातील वाटेचा आकार आणि कुक्षिवृंताची लांबी या तिन्ही कुलपांना एकच किल्ली बसते. जनुकीय अभ्यासांमुळे या नियमाला अपवाद सापडू लागले आहेत. भारतापासून ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेल्या आपल्या उंबरावरसुद्धा प्रदेशागणिक वेगवेगळ्या, पण एकमेकींच्या जवळच्या जातींचे केंबरे आढळतात. तरी उंबराच्या केंबराने अंजिराची बाग नासवली, असे होत नाही. शिवाय पुणे जातीच्या अंजिराला परागीभवनाची गरजच नसते, खट्टा बहार असो की मीठा बहार, त्याचे फळ बी न धरताच वाढते. उलट तुर्कस्तानातल्या स्मर्ना जातीला कीटकावाचून फळ टिकत नाही. ही जात कॅलिफोर्नियात १८८० च्या दशकात लावली, तेव्हा झाडे जोमाने वाढली, पण फळे गळून पडत राहिली. १८९९ मध्ये तिथे ब्लास्टोफॅगा कीटक आणून वसवला, तेव्हा कुठे पीक हाती आले.

बागेला उंबराकडून धोका असलाच तर तो झाडाखाली सडणाऱ्या फळांचा आहे. त्यांवर फळमाश्या आणि भुंगेरे वाढतात आणि ते चोखंदळ नसतात. उपाय फवारणीचा नाही, झाडलोटीचा आहे. बहर पिकत असताना दोन-तीन दिवसांआड पडलेली उंबरे गोळा करून शेणखताच्या खड्ड्यात पुरावीत. गुरे-शेळ्या ती आवडीने खातात, तेव्हा त्यांना घातली तरी चालेल. विहिरीवर बहराच्या दिवसांत जाळी टाकावी. पाण्यात पडलेले केंबरे विषारी नसतात, पण कुजणारी फळे पाण्यात जाऊ नयेत हे खरेच.

फवारणी का नको, हेही सांगायला हवे. व्यापक परिणामाचे कीटकनाशक बहराच्या वेळी फवारले तर येणाऱ्या आणि जाणाऱ्या अशा दोन्ही माद्या मरतात. आलेल्या मेल्या तर तुमच्या झाडाचे फुलोरे परागाविना राहून पुष्कळसे गळतील. जाणाऱ्या मेल्या तर पंचक्रोशीतल्या दुसऱ्या उंबरांचे नुकसान होईल, आणि ते तुम्हाला दिसणारही नाही. हा दुसरा परिणाम मला अधिक गंभीर वाटतो. एक साधा हिशेब करून पाहू. समजा, एका उंबराला वर्षात तीन बहर येतात आणि प्रत्येक बहरात आठवडाभर त्याची फुले माद्यांना घेण्याजोगी असतात. म्हणजे वर्षातले एकवीस दिवस तो केंबरांचे स्वागत करू शकतो. मादीचे आयुष्य एक-दोन दिवसांचे असल्यामुळे परिसरात जवळजवळ रोज कुठला ना कुठला उंबर तयार हवा. झाडांनी पाळी ठरवून बहर धरले तरी त्यासाठी सतरा-अठरा झाडे लागतील, आणि झाडे अशी पाळी ठरवत नाहीत, म्हणून प्रत्यक्षात त्याहून कितीतरी अधिक लागतील. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, पण मुद्दा खरा आहे. रस्ता रुंद करताना दहा, ओढा सरळ करताना पाच, विहीर दुरुस्त करताना एक, अशी झाडे जात राहिली तर उरलेली झाडे हिरवीगार दिसत असूनही केंबरांची साखळी तुटू शकते.

सुदैवाने केंबरे फार लांब जातात. स्वतःच्या बळावर नव्हे, तर झाडाच्या शेंड्यावर उठून वाऱ्यावर स्वार होऊन. नामिबियाच्या वाळवंटात उगाब नदीकाठच्या सायकमोर झाडांच्या जनुकीय चाचण्या करून २००९ मध्ये दाखवले गेले की परागकण तब्बल १६० किलोमीटर दूरच्या झाडापर्यंत पोचले होते. दोन मिलिमीटरच्या, दोन दिवस जगणाऱ्या जीवाने केलेली ही वाहतूक वाचून मी कितीतरी वेळ स्वस्थ बसून राहिलो होतो. तुमच्या विहिरीवरच्या उंबरातल्या बियांचे पितृत्व कदाचित भीमेच्या किंवा नीरेच्या खोऱ्यातल्या कुठल्याशा झाडाकडे असेल.

वर्षभर कुठे ना कुठे बहर असावा लागतो, ही केंबरांची गरज जंगलातल्या इतरांच्या पथ्यावर पडते. आंबा, जांभूळ, करवंद यांचा हंगाम संपतो, पण अंजीरवर्गीय झाड कुठेतरी पिकलेलेच असते. जगभरात बाराशेहून अधिक जातींचे पक्षी आणि सस्तन प्राणी ही फळे खातात. आपल्याकडे हरियाल, तांबट, कुटुर्गा, धनेश, वटवाघूळ, उदमांजर, शेकरू, माकड, अस्वल ही यादी कोणीही रानाजवळ राहणारा मनुष्य सांगेल. हरियाल हा राज्यपक्षी आणि शेकरू हा राज्यप्राणी, दोघेही उंबराच्या पंगतीतले. 'उंबर पिकले आणि नडगीचे डोळे आले' ही म्हण अस्वलाच्या उंबरावरच्या जिभेची साक्ष देते. नडगी म्हणजे अस्वल. मेजवानी तयार झाली आणि नेमकी तेव्हाच खाणाऱ्याला दुखणे आले, असा तिचा अर्थ. यांतले बरेच प्राणी खसखशीएवढ्या बिया विष्ठेतून दूरवर टाकतात.

झाडाच्या मुळांनी विहिरीचे बांधकाम उकलत असेल तर तो प्रश्न वेगळा आणि खरा आहे. तेव्हा कठड्याकडील फांद्या पावसाळ्याआधी हलक्या कराव्यात, कठड्यात शिरलेली बारीक मुळे वेळच्या वेळी काढावीत आणि बांधकाम दुरुस्त करून घ्यावे. तरीही झाड काढणे भागच पडले तर आधी बांधावर किंवा ओढ्याकाठी नवी रोपे उभी करावीत. उंबर फांदीपासूनही लागतो, पण फांदीचे झाड म्हणजे मूळ झाडाचीच जनुकीय प्रत, म्हणून मी बियांची रोपे पसंत करतो. दोन-तीन निरनिराळ्या झाडांची पूर्ण पिकलेली उंबरे घ्यावीत, गर पाण्यात कुस्करून तळाशी बसलेल्या बिया वेगळ्या कराव्यात आणि ओलसर, बारीक मातीवर नुसत्या पसराव्यात. मातीत गाडू नयेत, त्यांना उगवायला उजेड लागतो. पहिले काही महिने रोपे फार नाजूक असतात, पाणी झारीनेच घालावे.

घरातल्या मुलांसाठी एक सुचवतो. तिसऱ्या अवस्थेतली, रंग पालटू लागलेली पण भोक न पडलेली चार-पाच उंबरे काचेच्या बरणीत ठेवून तोंडाला पातळ सुती फडके बांधावे आणि बरणी रात्रभर सावलीत ठेवावी. सकाळी फडक्याच्या आतल्या बाजूस काळ्या माद्या उजेडाकडे चढताना दिसतील. भिंगातून त्यांच्या छातीखाली पाहावे, पिवळसर परागकण भरलेले असतील तर ओळखू येतात. पाहून झाले की उशीर न करता फडके सोडून द्यावे.